मिशीवाल्याचं सुतक

माय,

मिशीवाला गेला. आज सकाळी रेडिओवर सांगितलं. बातम्या संपत आल्या होत्या, हवामानाच्या जरा आधी निवेदकानं दोन वाक्यांत उरकून टाकलं. ज्येष्ठ चरित्र अभिनेते, असं काहीतरी म्हणाला तो. मला आधी कळलंच नाही कोण ते, कारण आपल्या घरात त्याचं नाव कधी कोणी घेतलंच नाही. तू त्याला मिशीवालाच म्हणायचीस. पडद्यावर तो विधवांची घरं लाटायचा, लग्न मोडायचा, शेवटी नायकाच्या हातचा मार खायचा, आणि पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या सिनेमात पुन्हा ताजातवाना होऊन मिशीला पीळ देत उभा राहायचा. बातमी ऐकली, चहाचा कप तसाच खाली ठेवला, न्हाणीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. थंडीचे दिवस आहेत, गुडघे धरतात, आणि केस वाळायला आता दुपार लागते. तरी घेतलं.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहायचा धीर होतो आहे. बाबा असते तर त्यांनी मागावरून उठून, चष्मा पुसून तुला हे वाचून दाखवलं असतं आणि मी लाजेनं घर सोडून पळाले असते. आता तेही नाहीत. तुला जाऊन तर इतका काळ लोटला की माझे केस तुझ्यापेक्षा जास्त पिकले. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढी मी केव्हाच झाले, आणि आता तर तुझी थोरली बहीण शोभेन.

गांधीबागेच्या मागची आपली गल्ली आठवते आहे. पुढच्या खोलीत बाबांचा माग, मागच्या खोलीत चूल, आणि उरलेल्या जागेत आपण. खटखट दिवसभर चालायची. ती थांबली की शेजारची मावशी भिंतीवर थाप मारून विचारायची, बरे हाये ना भाऊजी? दुपार झाली की तू धुतलेलं लुगडं नेसून थेटरात कामाला जायचीस. तेव्हा बायकांचा जिना वेगळा, दार वेगळं, बसायची जागा वेगळी, आणि त्या लेडीजच्या दाराशी बॅटरी घेऊन तू. अंधारात कोणाला जागेवर नेऊन बसव, कोणाचं बाकावरून भांडण सोडव, आणि कोणाचं पोर रडायला लागलं की ते उचलून बाहेर जिन्यावर नेऊन थोपटत बस, म्हणजे त्याच्या आईला सिनेमा बघता यावा. "अर्ध्या नागपूरचे पोट्टे माह्या खांद्यावर मुतले," असं तू म्हणायचीस आणि स्वतःच हसायचीस. त्या पोरांपायी तुला एकही सिनेमा सरळ बघायला मिळाला नाही. सुरुवात दिसली तर लग्न दिसायचं नाही, मरण दिसलं तर आजारपण दिसायचं नाही. तरी सकाळी भाकरी थापता थापता तू बाबांना पूर्ण गोष्ट सांगायचीस. मधली भोकं तू तुझ्याच मनानं बुजवायचीस. बाबा धोटा फेकता फेकता म्हणायचे, "मंग?" आणि तू पुढचं सांगायचीस. मी पुढे त्यातले काही सिनेमे पाहिले, माय. तुझ्या गोष्टी जास्त बऱ्या होत्या.

आणि त्यातलं कोणी मेलं की तू सुतक धरायचीस. हे शाळेतली एक वेळ सोडली तर मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर लोक हसतील, आणि त्यांना हसू येऊ नये असं काही मला त्यात दिसतही नव्हतं. पानठेल्यावरच्या रेडिओवर बातमी लागायची, गल्लीतलं कोणीतरी मुद्दाम येऊन तुला सांगायचं, आणि तू हातातलं काम टाकून नळावर जायचीस. डोक्यावरून पाणी, केस मोकळे, आणि त्या दिवशी चूल बंद. फोडणी नाही, भाकरी नाही. सकाळचं उरलेलं असेल ते खायचं, नाहीतर फुटाणे. नायक असो, गाणारी असो, कॅबऱ्यात नाचणारी असो, तुला सगळे सारखे. शेजारची मावशी ओट्यावरून ओरडायची, "आज कोन गेलं वं? काका का मामा?" सगळी गल्ली हसायची. बाबा मात्र कांदा फोडून मुकाट्यानं शिळी भाकर खायचे. एकदा मीच चिडून विचारलं होतं, ते काय आपले सगे होते का? तू केस पुसत म्हणालीस, "सगे नाई वं. पन ज्याईच्या जिवावर आपली चूल पेटते, त्याईच्यासाठी एक दिवस ते थंडी राहिली तं काय बिघडते?" मला तेव्हा भूक लागली होती. भुकेल्या पोरीला असल्या उत्तराचं काय कौतुक?

मिशीवाल्यासारख्या दुष्टांबद्दल तर तुझं मत ठरलेलं होतं. मी म्हणायची, निदान तो मेला तर जेवायला मिळेल. तू म्हणायचीस, "त्याले तं आधी धरीन. त्याले शिव्या देऊन देऊन बाया घरचं विसरून जाते. नवऱ्याले देता येत नाई, सासूले देता येत नाई, मंग त्याले देते." तो तुझ्या हयातीत काही मेला नाही. तुझ्या मागं राहून बिचाऱ्यानं आणखी कितीतरी वर्षं मार खाल्ला.

शाळेतली गोष्ट तुला ठाऊक नाही. मी मधल्या सुट्टीत नुसतीच बसले होते म्हणून बाईंनी विचारलं, डबा का नाही आणला? मी भोळेपणानं सांगितलं की घरी सुतक आहे. कोण गेलं, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. मी नुकत्याच गेलेल्या एका गाणारीचं नाव सांगितलं. आधी एक पोरगी हसली, मग सगळा वर्ग, आणि शेवटी बाईंनी तोंडाला पदर लावला. मला त्या दिवसापासून पिच्चरवालीची पोट्टी हे नाव पडलं. पुढच्या वेळी मी शहाणी झाले. सुतक आहे, काका वारले, असं सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळीही काकाच. तुझ्या आवडीचे लोक त्या काळात बरेच मरायला लागले होते. शेवटी बाई हजेरी घेता घेता थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं, तुला काका तरी किती?" बाबांना एकही भाऊ नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. मला बघायला उमरेडची मंडळी आली तो दिवस सांगायचा आहे. मुलगा शाळेत मास्तर, घरी माग होते पण ते आता मजूर लावून चालायचे, म्हणजे आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वर. तू थेटरात काम करतेस हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. माझाच आग्रह होता तो, आणि बाबा गप्प बसले होते. त्या दिवशी तू सुटी घेतलीस. पोहे भिजवून ठेवले, कांदा चिरला, कढईत तेल टाकलं. मी पलीकडे आडोशाला मावशीची जरीची साडी नेसत होते. तेवढ्यात मावशीच ओट्यावर आली आणि थट्टेत नाही, अगदी खऱ्या आवाजात म्हणाली, "आयकलं का वं? तो जाड्या गेला. हसवनारा."

तू कढईकडे बघितलंस. तेल तापलं होतं, मोहरी तुझ्या मुठीत होती. तू मूठ उघडून मोहरी परत डब्यात टाकलीस आणि फडक्यानं कढई खाली उतरवलीस. मी साडी सावरत चुलीपाशी आले.

"माय, आज नको."

"फोडनी कशी देऊ वं बाई? आत्ताच गेला तो. आयकलं नसतं तं गोष्ट वायली."

"पाहुणे येऊन राहिले. त्याईले काय फुटाणे देतं का?"

"केळी हायेत ना. दूध हाये. अंघोळ करून येतो मी लवकर."

पाहुणे येणार आणि मुलीची आई ओल्या, मोकळ्या केसांनी त्यांच्यासमोर येणार, आणि कोणी विचारलं तर सरळ सांगणार की सिनेमातला जाड्या मेला. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. मग मी म्हटलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. दात आवळून म्हटलं, "तो तुले ओयखत होता का? त्याले तुह्यं नाव तरी मालूम होतं का? अंधारात बॅटरी दाखवनारी तू, तुह्यासाठी कोनी चूल इझवली का कधी?"

मागाची खटखट थांबली. बाबांनी ऐकलं होतं. तू थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. तुझ्या तोंडावर राग नव्हता, तू त्या प्रश्नाचा खरोखरच विचार करत होतीस असं वाटलं मला. मग म्हणालीस, "खरं हाये वं. नसन मालूम." आणि कढई परत चुलीवर ठेवलीस. मोहरी तडतडली, कांदा पडला, सगळ्या घरात खमंग वास सुटला. सासूबाईंनी पोहे दोनदा मागून घेतले आणि आमच्याकडे असे होत नाहीत म्हणाल्या. तिथल्या तिथं पसंती झाली. तू एक घासही खाल्ला नाहीस, पण ते फक्त मला माहीत होतं, आणि मी ते त्या दिवशी मनावर घेतलं नाही. लग्न ठरल्याच्या आनंदात होते मी.

त्यानंतर माझ्यासमोर तू कधी सुतक धरलं नाहीस. माहेरी आले की बाबा मला सांगायचे, "धरते अजून, पन तू येनार असली की नाई." ती गोष्टच तू माझ्यापासून लपवायला लागलीस, जशी मी तुला सासरी लपवत होते. पुढं तुझ्या कामाचं तिकडे कळलंच, अशा गोष्टी कळतातच. कोणी काही बोललं नाही. न बोलणं हे आमच्या घरात फार चांगलं जमतं.

आणि मग माझ्या नणंदेचा साखरपुडा. सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि पुऱ्या तळायचं काम माझ्याकडे, कारण माझ्या पुऱ्या फुगतात. त्या तूच शिकवलेल्या. सकाळपासून मी कढईपुढे होते. दुपारी अंगणातल्या पंगतीत बघते तर थेटरातला गेटवरचा मामा बसलेला. खाली तिकिटं फाडायचा, लहानपणी मला लेमनच्या गोळ्या द्यायचा तो. मला इतका आनंद झाला की मी झारा तसाच हातात घेऊन बाहेर आले. माहेरचं कुत्रंही गोड, म्हणतात ना. मी त्याला आग्रह करून पुऱ्या वाढल्या आणि विचारलं, "माय कशी हाये, मामा?"

"बरी हाये," तो म्हणाला.

"आज रविवार ना जी? गेट सोडून कसे आले? पिच्चर कोन चालवून राहिलं?"

"चालू हाये तिकडं," तो म्हणाला आणि पुरी मोडून तशीच ताटात ठेवली.

रविवारी तीन खेळांची गर्दी सोडून तो उमरेडला पुऱ्या खायला येणार नाही, एवढं मला कळत होतं, माय. पुढचा प्रश्न जिभेवर आलाही होता. पण आतून कोणीतरी ओरडलं, तेल जळून राहिलं, आणि मी आत पळाले. मग बाहेर येऊन विचारता आलं असतं. मी नाही विचारलं. पाहुणे उठेपर्यंत तळत राहिले. शेवटचा पाहुणा दारातून गेला तेव्हा सासूबाई आत आल्या, त्यांनी माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि म्हणाल्या, "चाल बाई, अंघोळ करून घे." बस्स, एवढंच. आपल्यात हे वाक्य कधी म्हणतात ते कोणाला सांगावं लागत नाही.

सकाळी नळावर भरलेली बादली उचलताना तू पडलीस, आणि मी त्या वेळी पीठ मळत होते. निरोप दुपारीच आला होता, घरच्यांनी शुभकार्य उरकेपर्यंत तो झाकून ठेवला. त्यांना मी दोष देत नाही. सगळे असंच करतात, आणि उद्या माझ्या हातात असेल तर मीही असंच करीन. मामाला जेवायला बसवलं ते पाहुण्यांना शंका येऊ नये म्हणून. तो बिचारा तुझ्या मरणाची बातमी पोटात घेऊन माझ्या हातच्या पुऱ्यांपुढे बसला होता.

दिवस मावळता मी गल्लीत पोचले. तुला माझ्यासाठीच ठेवलं होतं. मी तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याच बोटांना तळणाचा वास आला. दोनदा साबण लावला होता, तरी गेला नव्हता. तुला नेलं, माणसं परतली, आणि आता कोणीतरी कडू घास आणील म्हणून मी बाबांपाशी बसून राहिले. रीत आहे, शेजारचं कोणीतरी आणतंच. कोणी आलं नाही. मला संताप आला. ज्यांची पोरं तिनं खांद्यावर झोपवली त्यांना दोन भाकरी टाकता येत नाहीत? मी तरातरा मावशीच्या ओट्यावर गेले. मावशी अंधारात बसली होती, केस ओले, मोकळे. आत चूल थंड. मी पलीकडच्या घरात बघितलं, तिथंही थंड.

"उठवून नेलं की चूल पेटवता येते मावशी," मी म्हटलं.

"मालूम हाये मले," मावशी म्हणाली. "पन तुह्या मायनं कोनाकोनाचं धरलं. आमी एक दिवस नाई धराव का तिचं?"

आणि मग, काही मनात न ठेवता, सहज, तिनं मला विचारलं, "तू जेवली का वं सकायपासून?" मी तळता तळता पाच-सहा पुऱ्या खाल्ल्या होत्या. गरम गरम, उभ्यानंच. मी मान हलवून नाही म्हटलं.

आता आम्ही नागपुरातच राहतो. हुडकेश्वरकडे प्लॉट घेऊन घर बांधलं, मुलगा नोकरीला आहे, सून गुणाची आहे. व्हिडिओ आल्यापासून लोक घरीच सिनेमे बघतात, तुझा तो लेडीजचा जिना म्हणे केव्हाच बंद झाला. आणि गेल्या काही वर्षांत तुझे सगळे लोक एकेक करून जाताहेत. आईची कामं करणारी ती गेली, जिच्या सिनेमाला बायांचे पदर ओले व्हायचे. बासरीवाला गेला. गोरी नाचणारी गेली, पेपरात तिचा फोटोसुद्धा नीट नव्हता. दर वेळी मी डोक्यावरून पाणी घेते आणि त्या दिवशी फोडणीचं खात नाही. त्यांच्यासाठी घेते असं म्हणू का? नाही. त्या बासरीवाल्याचं मला काय! तुझ्या दिवशी मी पुऱ्या तळल्या, ते कुठंतरी फेडायचं आहे, म्हणून त्यांच्या नावानं तुझंच धरते. फिटत नाही, ते वेगळं. पण यात एकदाही मी खरं कारण सांगितलेलं नाही. कधी डोकं दुखतं म्हटलं, कधी चतुर्थी काढली, कधी काका वारले म्हटलं. जुनी सवय.

आज सुनेच्या माहेरची माणसं जेवायला होती. मी न्हाणीतून आले तेव्हा तिनं कढईत तेल घातलं होतं, कणीक तिंबून ठेवली होती. मी पुढं झाले आणि सिलिंडर बंद केला. म्हटलं, गॅस संपला. मुलानं सिलिंडर हलवून बघितला आणि म्हणाला, "आई, परवाच तं लावला." मग सून माझ्या ओल्या केसांकडे बघत राहिली. तू त्या दिवशी माझ्याकडे बघितलंस तसंच, बिनरागाचं.

"कोणी गेलं का, आई?" तिनं विचारलं.

"काका," मी म्हटलं. "लांबचे."

तिनं कढई खाली उतरवली, मुलाला केळी आणायला पाठवलं, दूध काढलं. तिनं गॅस पुन्हा पेटवला असता तर मी आडवी गेले नसते, पण मी काही म्हणायच्या आत तिनं सगळं आवरलं होतं. मग पदराला हात पुसत, अगदी मायेनं म्हणाली, "आई, किती काका होते हो तुम्हाले?"

तेव्हा सांगता आलं असतं, माय. ती हसली नसती. पण तिला या घरात येऊन चार दिवाळ्या झाल्या, आणि तू काय करायचीस असं तिनं पहिल्याच वर्षी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, काही नाही, घरीच असायची.